मऊ कवचाची अंडी

कलकत्त्यात गार्डन रीचला आमच्या रेल्वे क्वार्टरच्या मागच्या बाजूला एक अँग्लो-इंडियन कुटुंब राहायचं. नवरा रेल्वेत गार्ड होता. सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीच्या त्या वर्षांत त्यांच्यातले बरेच लोक ऑस्ट्रेलियाला निघून जात होते, तसे हेही निघाले. जायच्या आदल्या दिवशी त्या बाई कुंपणाशी आल्या आणि आईला हाक मारून म्हणाल्या, "हमारा मुर्गी तुम रखेगा?"

आई पीठ चाळत होती. तिला वाटलं, आपल्या ऐकण्यात चूक झाली. ती तिच्या मोडक्या हिंदीत म्हणाली, "हम लोग तो अंडा भी नहीं खाते."

"इसी वास्ते तुमको देता है," बाई म्हणाल्या. "दूसरा लोग काट डालेगा."

आईने चाळण खाली ठेवली आणि हो म्हणाली. संध्याकाळी पाच कोंबड्या, त्यांचं लाकडी खुराडं आणि बिस्किटांचा एक मोठा पत्र्याचा डबा आमच्या अंगणात आला. तीन कोंबड्या तपकिरी होत्या, एक ठिपक्यांची आणि एक पांढरी. डब्यात करड्या-पांढऱ्या रंगाची जाडसर भुकटी होती. बाईंनी मूठ दाखवून सांगितलं, रोज संध्याकाळी एक मूठ, वेगळ्या भांड्यात, दाण्यात मिसळायची नाही. ते काय आहे, कुठून आणलं, हे आम्ही विचारलं नाही. आईला ते कोंबड्यांचं औषध वाटलं आणि मी तेव्हा पांढऱ्या कोंबडीच्या मागे धावत होते. मी अकरा वर्षांची होते. दुसऱ्या दिवशी बाई गेल्या.

बाबा ऑफिसातून आले तेव्हा खुराड्यासमोर बराच वेळ उभे राहिले. ते रेल्वेच्या इंजिनिअरिंग खात्यात होते आणि कुठलीही नवी गोष्ट आधी चहूबाजूंनी बघायची त्यांची सवय होती. शेवटी म्हणाले, "अगं, आणि अंड्यांचं काय करणार?"

"शेजारी देईन," आई म्हणाली.

शेजारी म्हणजे मासीमा, बंगालीत मावशी. आमच्या भिंतीला भिंत लागून त्यांचं घर. साठीच्या आसपास वय, मूळच्या पूर्व बंगालच्या, मुलं लांब नोकरीला. त्यांचे यजमान तेव्हा नुकते टायफॉइडमधून उठले होते आणि डॉक्टरांनी त्यांना रोज सकाळी एक अर्धवट उकडलेलं अंडं खायला सांगितलं होतं. आई रोज सकाळी वाटीत दोन-तीन अंडी ठेवून मला ती दोन अंगणांमधल्या भिंतीवरून द्यायला सांगायची. मासीमा बंगालीत बोलायच्या, आई हिंदीत, आणि जिथे दोघींचं अडायचं तिथे मी. मला शाळेमुळे बंगाली येत होतं. खरं तर मराठीपेक्षा बरं येत होतं, पण हे आईसमोर बोलायची सोय नव्हती.

आईला त्या वेळी दिवस गेलेले होते. तिला माशांचा वास सहन होत नव्हता, आणि आमच्या गल्लीत तर प्रत्येक घरातून सकाळी तो वास यायचा. पण कोंबड्यांचा तिला कधी त्रास झाला नाही. उलट दुपारी जेवण झालं की ती मागच्या पायरीवर बसून त्यांच्याकडे बघत राहायची. "यांना किती काम असतं बघ," म्हणायची. "एक मिनिट नुसत्या उभ्या राहत नाहीत."

काळीपूजेच्या, म्हणजे आपल्या दिवाळीच्या, सुमाराला डब्यातली भुकटी संपली. आम्ही डबा धुवायचा म्हणून बाजूला ठेवला आणि विसरलो. कोंबड्या तांदळाच्या कण्या, भाजीची देठं, अंगणातले किडे असं सगळं खातच होत्या. काही कमी पडेल असं कुणाच्या मनात आलं नाही.

पुढे दोन-तीन आठवड्यांनी मी एका सकाळी खुराड्यात हात घातला आणि दचकून बाहेर काढला. हाताला लागलं ते अंडंच होतं, पण दाबलं की दबत होतं. पातळ कातड्याच्या पिशवीत पाणी भरावं तसं. मी ते दोन्ही तळव्यांवर धरून उन्हात नेलं. आरपार उजेड दिसत होता आणि आत पिवळ्या बलकाची गोल सावली हलत होती. मला किळस यायला हवी होती, पण आली नाही. इतका वेळ मी ते बघत बसले की शाळेची बस चुकली.

त्यानंतर रोज एखादं तरी तसं निघायला लागलं. बाकीच्यांची कवचंही पातळ झाली, बोटाच्या दाबाने तडकायची. मासीमांनी एक अंडं उकळत्या पाण्यात सोडलं तर त्याच्या चिंध्या झाल्या. त्यांनी भिंतीवरून मला सांगितलं, "आईला म्हणावं, रागावू नको, पण आज यांना अंडं मिळालं नाही."

आईला ते फार लागलं. अंडी आम्ही फुकट देत होतो, तरी तिला वाटलं की आपण दिलेला शब्द मोडला.

त्याच दिवसांत आणखी एक गोष्ट माझ्या लक्षात आली. आमच्या न्हाणीघराची बाहेरची भिंत खालून लाल दिसायला लागली होती. सगळ्या क्वार्टर्सना चुन्याची सफेदी असायची. कोंबड्या ती टोचून टोचून खात होत्या. बरोबर त्यांच्या मानेच्या उंचीपर्यंत सफेदी गेली होती आणि विटा उघड्या पडल्या होत्या. बाबांना दाखवलं तर ते म्हणाले, "रेल्वेची मालमत्ता खातायत!" आणि हसले. मग हसता हसता थांबून खाली वाकले आणि भिंतीवरून बोट फिरवलं.

"चुना खातायत," ते म्हणाले. "का बरं?"

"अंड्याचं कवच कशाचं असतं?" मी विचारलं.

"बघायला पाहिजे," बाबा म्हणाले. ज्याचं उत्तर माहीत नसेल त्याला ते नेहमी असंच म्हणायचे. पण त्याच संध्याकाळी त्यांना खरगपूरला जावं लागलं आणि ते बघणं चार-पाच दिवस लांबलं.

मध्यंतरी पांढरी कोंबडी बसली. बसली म्हणजे उठेचना. पाय पोटाखाली दुमडून खुराड्याच्या दाराशी पडून राहिली. दाणे समोर टाकले तर मान लांब करून टिपायची, पण उभं राहायला गेली की पाय फाकून आडवी व्हायची. पाचांत तीच सगळ्यात नेमाने अंडी घालायची. आई तिच्याजवळ बसून राहिली. मी आईला म्हटलं, "हिला चुना कमी पडलाय. भिंतीपर्यंत जाता येत नाहीये ना." आई माझ्याकडे बघून नुसती "हं" म्हणाली.

मला मात्र उपाय सापडला होता. शाळेत फळ्याखाली खडूचे तुकडे पडलेले असायचे. ते मी कंपासपेटीत भरून आणले, कुटले आणि कण्यांत मिसळून पाचही कोंबड्यांना घातले. पांढरीला हाताने भरवले. वहीच्या मागच्या पानावर प्रत्येकीचा रकाना आखून रोजची नोंद ठेवली: किती खडू, किती अंडी, त्यातली किती मऊ. तिसऱ्या दिवशी पांढरी उभी राहिली. चौथ्या दिवशी चालायला लागली. मला काय वाटलं ते सांगता येणार नाही. मी गल्लीतून दोनदा धावून आले.

बाबा खरगपूरहून आल्या आल्या मी त्यांना वही दाखवली. त्यांनी ती उभ्याउभ्या वाचली, मला शाबासकी दिली आणि विचारलं, "बाकीच्या चौघींनाही तोच खडू दिलास ना?"

"हो."

"मग त्यांची अंडी अजून मऊ का आहेत?"

मी वहीत बघितलं. खरंच, चौघींच्या रकान्यांत काही फरक नव्हता. मी स्वतःच लिहिलेलं मला दिसलं नव्हतं.

बाबा म्हणाले, "आपण एक करू. साइटवर दगड चुन्याचा आहे का, हे बघायला आम्ही त्यावर ॲसिडचा थेंब टाकतो. फसफसला तर चुन्याचा. घरात लिंबू आहे."

आम्ही पायरीवर चार बशा मांडल्या. एकीत अंड्याच्या कवचाचा चुरा, दुसरीत भिंतीवरची सफेदी, तिसरीत माझा खडू. चौथीत काय ठेवायचं? मला तो डबा आठवला. तो धुवायचा राहूनच गेला होता. तळाशी आणि कोपऱ्यांत चिमूटभर भुकटी अडकली होती, ती मी चमच्याने खरवडून काढली. बाबांनी प्रत्येक बशीत लिंबू पिळलं आणि आम्ही दोघं डोकं खाली घालून बघत राहिलो. कवचावर बारीक बुडबुडे आले. सफेदीवर आले. डब्यातल्या भुकटीवर तर भरभरून आले. खडूवर एकही आला नाही. तो नुसता भिजून लगदा झाला.

"हा खडू चुनखडीचा नाही," बाबा म्हणाले. "जिप्समचा असणार."

त्या लगद्यातून कोंबडीच्या पोटात काही जातं की नाही, ते मला आजही नीट माहीत नाही. पण त्या वेळी माझ्यासमोर दोन प्रश्न उभे राहिले. एक, डब्यात काय होतं? आणि दोन, खडूने नाही, तर पांढरी कशाने उठली?

दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर आधी मिळालं. शनिवारी शाळा अर्धी असायची. मी घरी आले तेव्हा पुढचं दार लोटलेलं होतं. आतून मागच्या अंगणात गेले तर आई पायरीवर बसली होती, पांढरी तिच्या मांडीशी होती आणि आई तिला काहीतरी भरवत होती. तळहातावर पांढरा चुरा होता. बाजूला कागदाच्या पुडीत अख्ख्या गोळ्या होत्या. त्या मी ओळखल्या. रेल्वेच्या दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाईंनी आईला दिलेल्या कॅल्शियमच्या गोळ्या होत्या त्या, बटणासारख्या मोठ्या.

आईने वर बघितलं आणि मूठ मिटली. पण मी बघितलं हे तिला कळलं होतं.

"अगं, मला त्या गिळवत नाहीत," ती म्हणाली. "घशात अडकतात. उलटी होते."

"एकही घेत नाहीस?"

"घेते ना अधूनमधून." मग म्हणाली, "डॉक्टरीणबाई म्हणाल्या होत्या, तुम्ही खाल्लं नाहीत तर बाळ तुमच्या हाडांतून घेईल. ही बसली ना, तेव्हा मला एकदम ते आठवलं. हिच्या हाडांतूनच जात असणार. रोज एक अंडं म्हणजे थोडं आहे का? आणि हिला कोण गोळ्या देणार?"

मला आठवलं, आई आठ दिवस पोटऱ्यांत गोळे येतात म्हणून कण्हत होती. बाबा घरी असले की तिला तेल लावून द्यायचे. मी आईवर कधी ओरडले नव्हते, त्या दिवशी ओरडले. "आणि तुझ्या हाडांचं काय?"

पांढरी तिच्या मिटल्या मुठीवर टोचे मारत होती.

"बाबांना सांगू नकोस," आई म्हणाली. "उगीच काळजी करतील."

मी कबूल केलं, पण एका अटीवर. मी कोंबड्यांसाठी दुसरं काहीतरी शोधून आणीन आणि त्या दिवसापासून आईने रोजची गोळी माझ्यासमोर घ्यायची. आईला त्यावर हसू आलं. तिला वाटलं असणार, ही कुठून शोधणार?

बशीतली ओली भुकटी मी वाळवून ठेवली होती. ती कागदात घेऊन मी मासीमांकडे गेले. त्यांचे यजमान व्हरांड्यात शाल पांघरून पेपर वाचत होते. मासीमांनी भुकटी चिमटीत घेतली, बोटांवर चोळली आणि खिडकीच्या उजेडात धरली. एक बारीक कण चमकला. गुलाबी-निळसर, कबुतराच्या मानेसारखा.

"हे तर झिनुक," त्या म्हणाल्या. झिनुक म्हणजे तळ्यातले शिंपले, गुगली म्हणजे तिथल्याच छोट्या गोगलगायी. "आमच्याकडे गावात बदकांना घालायचो. झिनुक, गुगलीची कवचं, सगळं कुटून. त्याशिवाय बदक अंडं धरतं का? तुझ्या आईने मला विचारलं का नाही?"

आम्ही कुणालाच विचारलं नव्हतं. पहिल्या दिवशीसुद्धा.

दुसऱ्या दिवशी रविवार होता. मासीमा मला रिक्षाने बाजारात घेऊन गेल्या. मासळीच्या ओळीच्या अगदी शेवटी दोन बायका जमिनीवर बसून गुगली सोलून विकत होत्या. त्यांच्या मागे कवचांचा आणि शिंपल्यांचा ढीग पडला होता. मासीमांनी विचारलं, हे नेऊ का? त्या बायका एकमेकींकडे बघून हसल्या. एक म्हणाली, "काय करणार याचं, दीदी?" मासीमांनी माझ्याकडे बोट दाखवून सांगितलं, "हिच्या कोंबड्यांना औषध." मग तिनेच पोतं धरलं आणि दुसरीने दोन्ही हातांनी ढीग आत लोटला.

पोतं घरी आणलं आणि संकट उभं राहिलं. वास! तळ्याचा चिखल, मासे आणि कुजकट पाणी, सगळं त्यात होतं. आईने दारातूनच तोंडावर पदर धरला आणि आत जाऊन पडली. मासीमांनी मग पोतं आपल्या अंगणात ओढलं. आम्ही ते सारं पाण्यात घासलं, चुलीवर पातेल्यात उकळलं आणि गच्चीवर चार दिवस उन्हात वाळवलं. हिवाळ्याचं ऊन होतं, पण वास गेला. मग बाबांनी हातोडी आणली. कवचं जाड गोणपाटात गुंडाळायची आणि फरशीवर ठेवून वरून ठोकायची. बाबा दर दहा घावांनी गोणपाट उघडून आत बघायचे. "किती बारीक करायचं?" त्यांनी विचारलं.

"डब्यात होतं तेवढं," मी म्हणाले. "पीठ नाही. जाडसर."

पहिल्या संध्याकाळी मी एका पसरट मातीच्या भांड्यात मूठभर तुकडे ठेवले. मासीमांनी बजावलं होतं की दाण्यात मिसळू नकोस, जिला जेवढं लागतं तेवढं ती खाईल, तिचं तिला कळतं. मला ते पटलं नव्हतं. कोंबडीला काय कळणार? म्हणून मी पायरीवर वही घेऊन बसले. ठिपक्यांची आली, एक तुकडा उचलला, टाकला, पुन्हा उचलला आणि गिळला. मग दोन तपकिरी कोंबड्या आल्या. पांढरी सगळ्यात शेवटी आली आणि सगळ्यात जास्त खाऊन गेली. एक तपकिरी, जिने त्याच आठवड्यात पिसं गाळली होती आणि अंडी घालणं थांबवलं होतं, ती भांड्याजवळ आली, बघितलं आणि निघून गेली. रोज तसंच. तिला नको होतं आणि तिला ते माहीत होतं. भांडं दिवसभर उघडं असायचं, पण बहुतेक टोचे पडायचे ते दिवस मावळताना, खुराड्यात जायच्या आधी. असं का, हे मी बाबांना विचारलं. "बघायला पाहिजे," ते म्हणाले. पुढे कधीतरी कॉलेजात मी वाचलं की कोंबडीच्या पोटात अंड्यावर कवच चढतं ते बहुतेक रात्रीच.

आठ-दहा दिवसांत कवचं घट्ट झाली. पहिलं कडक अंडं मी आईला हातात घ्यायला लावलं. तिने ते कानाशी नेऊन नखाने वाजवलं. मासीमांच्या यजमानांचं सकाळचं अंडं पुन्हा सुरू झालं, आणि न्हाणीघराच्या भिंतीला बाबांनी स्वतः चुना लावला.

ठरल्याप्रमाणे आई माझ्यासमोर गोळी घ्यायला लागली. गिळवायची नाहीच, म्हणून मी ती पाट्यावर बारीक करून ताकात घालून द्यायची. पहिल्या दिवशी ती ग्लास हातात धरून बराच वेळ बसली. मी हललेच नाही. "तू फार हट्टी झालीस," ती म्हणाली आणि एका दमात प्यायली. महिन्याभराने दवाखान्यात गेलो तेव्हा डॉक्टरीणबाईंनी विचारलं, "गोळ्या वेळेवर चालू आहेत ना?" आईने माझ्याकडे बघितलं आणि म्हणाली, "ही चुकू देत नाही." तेवढं खरं होतं. त्याआधीचं आम्ही दोघींनी सांगितलं नाही. बाबांनाही ते कळलं ते कितीतरी वर्षांनी, आणि तेव्हा ते आईवर खरोखरच रागावले, जणू कालचीच गोष्ट.

होळीच्या सुमाराला माझा भाऊ झाला, चांगला वजनदार. बाळंतपणाला आजी आली होती. तिने अंगणातल्या कोंबड्या बघून कपाळाला हात लावला, पण बाळाला उन्हात घेऊन बसायला तिलाही मागची पायरीच आवडायला लागली.

पुढच्या वर्षी बाबांची बदली बिलासपूरला झाली. सामान बांधायच्या दिवसांत आईने आणि मी मिळून कोंबड्या मासीमांच्या अंगणात नेल्या. खुराडं भिंतीवरून द्यावं लागलं, बाबा एका बाजूला, मासीमांचे यजमान दुसऱ्या बाजूला. ते आता चांगले धडधाकट झाले होते. आईने मासीमांना सगळं नीट सांगितलं. कुठली कोंबडी कुठे अंडी घालते, कुठली टोचते, मांजर कुठून येतं. मी भाषांतर करत होते. मासीमा सगळं ऐकत होत्या, जणू त्यांनी आयुष्यात कधी पक्षी पाळलेच नव्हते.

बोलता बोलता आईने एकदम मला थांबवलं आणि स्वतःच बंगालीत एक वाक्य बोलली. मोडकंतोडकं, पण सगळं तिचं स्वतःचं. ती बंगाली बोलू शकते हे मला त्या दिवशी कळलं. "तुम्ही होतात म्हणून जमलं," असं काहीसं ती म्हणाली. मासीमांनी तिचे दोन्ही हात धरले आणि मग दोघी त्या नव्या अंगणात गोंधळून फिरणाऱ्या कोंबड्यांकडे बघत उभ्या राहिल्या.